मागच्या पार्किंगची सत्यवती

सत्यवतीच्या लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. ती मोरीत भांडी घासत होती आणि पडवीत तिचा नवरा काळूराम आणि मोठा दीर रावजी भांडत होते. मधे कुडाची भिंत. तेव्हा तिने कान लावला असं कोणी म्हणू नये. कान जागच्या जागी होते, भांडणच आत आलं. दोघा भावांच्या दोन मिनिडोर होत्या, अलिबाग ते रेवदंडा चालणाऱ्या, सहा माणसं बसणाऱ्या. स्टँडवर नंबर लावायचा, नंबर आला की सहा माणसं घेऊन निघायचं, उरलेली मागच्या गाडीला सोडायची, असा सगळ्या ड्रायव्हरांनी मिळून केलेला कायदा होता.

"तुज्या गाडीत आज नऊ माणसा होती," रावजी म्हणाला.

"स्टँडवर किती बसली? तूच मोजलीस ना?"

"सहा मोजली. मंग वळणाच्या पल्याड तीन कुठना आली?"

"रस्त्यावर हुबी होती. रस्ता तुज्या बापाचा हाय का?"

"माजा न् तुजा बाप येकच हाय, काळू. तेवरं तरी इसरू नको."

काळूरामाने मग देवाची शपथ घेतली, की स्टँडवर सहाच माणसं बसली. शपथ खरी होती. सत्यवतीला ते ठाऊक होतं, कारण वळणापलीकडे उभ्या असलेल्या तिघांतला एक तिचा सख्खा मामा होता आणि "तुमी जरा फुडं चालत ऱ्हा" असं काळूरामानेच त्याला सांगितलं होतं. त्या दिवशी तिला एक कळलं, की माणूस शपथेवर खरं बोलत असला तरी वळणापलीकडे जाऊन बघून यावं. तेव्हापासून तिला कुठलीही भरलेली गाडी दिसली की पहिला प्रश्न पडतो तो, ही भरली कुठे.

काळूराम जाऊन आता सात वर्षं झाली. मिनिडोर त्याच्या आधीच भंगारात गेली. सत्यवती चौलच्या अलीकडे एका कंपनीत मागच्या पार्किंगवर आहे. जहाजांचे नकाशे काढणारी कंपनी. जहाजं कुठल्या मुलखात बनतात देव जाणे, पण नकाशे इथे सुपारीच्या वाड्यांच्या शेजारी निघतात. काचेची तीन मजली इमारत, आत एकशेऐंशी माणसं, पुढे दरवाज्यापाशी पत्र्याच्या सावलीत बारा गाड्यांची जागा आणि मागे उन्हात नव्वद गाड्यांची. ती मागची नव्वदीची जागा सत्यवतीची. एक पत्र्याची केबिन, एक प्लास्टिकची खुर्ची, गळ्यात शिट्टी.

कागदावर तिचं वय छप्पन आहे. खरं विचाराल तर तिलाही नक्की माहीत नाही, पण छप्पन नाही हे माहीत आहे. चौथीपर्यंत शाळा झाली, तीही तिसरी दोनदा धरून. घरी मुलगा आहे, सून आहे, सून वाईट नाही. पण घरात भात किती शिजवायचा हे सून ठरवते, टीव्हीवर काय लावायचं हे नातू ठरवतो, आणि दिवाळीला भिंतींना कुठला रंग हे दोघं मिळून ठरवतात. मागच्या पार्किंगमध्ये मात्र मोठमोठे साहेब काच खाली करून विचारतात, "मावशी, इथे लावू का?" आणि ती म्हणते, "न्हाय, तिथं." तिला या नोकरीत काय आहे असं कोणी विचारलं, तर एवढंच आहे. आणि तेवढं तिला दुसरीकडे कुठे मिळणार नव्हतं.

म्हणून जागृती नावाची पोरगी हातात मोजपट्टी घेऊन मागच्या पार्किंगमध्ये आली, तेव्हा सत्यवती खुर्चीवरून उठली. एरवी ती उठत नाही.

जागृती बोर्ली पंचतनकडची. कंपनीने तिला इमारतीचं पर्यावरण बघायला ठेवलं होतं. इमारतीला पर्यावरण असतं हे सत्यवतीला नवीन होतं. पोरगी गोड बोलायची, आणि गोड बोलणाऱ्या माणसाने मोजपट्टी धरलेली तिला बरी वाटली नाही.

"मावशी, रोज किती गाड्या येतात हो मागे?"

"कशापायी?"

"असंच. इमारतीला हरित प्रमाणपत्र घ्यायचंय. कमी वीज, कमी पाणी, कमी गाड्या, असं सगळं बघतात त्यात."

"कमी गाड्या," सत्यवती म्हणाली. "मंग मना कशाला इचारतंस? गाडीवाल्यांना इचार."

जागृती हसली, केबिनचा फोटो काढला, खुर्चीचाही काढला आणि गेली. खुर्चीचा फोटो कशाला, हे सत्यवतीच्या डोक्यात चार दिवस घोळत राहिलं. पाचव्या दिवशी टेम्पो आला आणि काळ्या पिशव्यांतली रोपं केबिनच्या मागे उतरवून गेला. उंडी, बकुळ, करंज. तिने मोजली, बेचाळीस. लावायला मागे वीतभर माती नव्हती, सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवलेले. मग ही झाडं कुठे लावणार? ठोकळे काढूनच ना? तिने केसरला बोलावून दाखवलं.

केसर तिच्याच गावची, इमारतीत झाडू-पोछा करायची आणि साहेबांना चहा न्यायची. ती म्हणाली, "वयनी, रोपा हायत ती. रोपांवर कसला संशय घेतंस?"

"रोपांवर न्हाय. आधी कागद येतो न् मंग रोपं येतात. इथं रोपं आधी आली. म्हंजे कागद कवाच झालाय, फकस्त आपल्याला दाखवला न्हाय."

पुढच्या सोमवारी पुढच्या बारा जागांना हिरवा रंग लागला. नोटीस निघाली, की एका गाडीत चार जण मिळून येतील त्यांनीच सावलीत लावायचं, बाकी सगळे मागे. पुढच्या गेटवर निकेश. तो ठेकेदाराचा सुपरवायझर, सत्यवतीला कामावर घेतलं ते त्यानेच. गेटात शिरणाऱ्या गाडीतली डोकी मोजून तो वहीत लिहायचा.

पहिल्या आठवड्यात चार गाड्या हिरव्यात लागल्या. दुसऱ्या आठवड्यात सहा. तिसऱ्या आठवड्यात बाराच्या बारा, आणि सत्यवतीच्या नव्वदांत वीस-पंचवीस खड्डे पडल्यासारख्या मोकळ्या जागा दिसायला लागल्या. जागृती खूष. ती सगळ्यांना सांगत सुटली, की लोकांना पटलं की लोक बदलतात.

सत्यवतीला लोक माहीत होते. ते इतके पटकन पटवून घेत नाहीत. महिनाभरापूर्वी याच लोकांपैकी दोघं एका सावलीच्या जागेवरून दरवाज्यात हमरीतुमरीवर आले होते. ती माणसं आता सकाळच्या वेळी एकमेकांच्या घरासमोर थांबून, तुम्ही या, आम्ही वाट बघतो, असं करत असतील हे तिच्या गळी उतरेना.

गणराजची पांढरी गाडी तिने पहिली धरली. गणराज पेणहून यायचा. गाडी हिरव्यात लागली, चार जण उतरले, निकेशच्या वहीत चार पडले, सगळं रीतसर. सत्यवती तेव्हा पुढच्या नळावर बाटली भरायला गेली होती. तिने उतरलेल्यांच्या डोक्यांकडे पाहिलं. गणराजचे केस नीट विंचरलेले. बाकी तिघांचे केस वरून चपटे आणि कानांवर वाटोळी रेघ. पेणपासून गाडीच्या थंड हवेत बसून आलेल्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेटची घडी कशी काय पडते?

 दुसऱ्या दिवशी तिने साहिल नावाच्या दुसऱ्या पोराच्या गाडीतली डोकी पाहिली. तिसऱ्या दिवशी आणखी दोन गाड्यांतली. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा केबिनमध्ये तसाच ठेवून, गेटातून बाहेर पडली आणि शंभर-दीडशे पावलांवरच्या वळणापर्यंत चालत गेली. वळणापलीकडे सुपारीची वाडी होती. वाडीचं फाटक उघडं. आत सुपारीच्या सावलीत अठरा मोटारसायकली ओळीने उभ्या होत्या. तिरक्या एकही नाही. लावणारे सगळे सत्यवतीच्याच हाताखाली शिकले होते, त्याचं तिला जरा बरंही वाटलं.

म्हणजे घरून मोटारसायकलवर यायचं, वळणावर ती वाडीत लावायची, मागून येणाऱ्या गाडीत बसायचं आणि दीडशे पावलं मिळून प्रवास करायचा. संध्याकाळी उलटं. मोटारसायकल सावलीत, गाडी सावलीत, वही भरलेली.

"निकेश," परत येताना ती गेटवर थांबली, "ती गणराजची गाडी. चार माणसं खरंच पेणवरून येतात का रे?"

निकेशने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "मावशी, गेटातून शिरताना गाडीत चार होते की नव्हते?"

"होते."

"मग झालं तर. माझं काम गेटाचं. गेटाबाहेरचं मी बघत नाही. तुमचं काम मागच्या पार्किंगचं, तुम्ही पुढचं बघू नका."

काळूरामासारखाच बोलला तो, शब्दाला शब्द. सत्यवतीला त्याचा राग आला आणि थोडी मायाही वाटली. मग लगेच शंका आली, की याला हे आधीपासून माहीत आहे. आणि याला माहीत असेल तर याच्या ठेकेदाराला माहीत आहे, आणि त्याला असेल तर... इथपर्यंत आल्यावर ती थांबली. संशयाच्या वाटेने ती नेहमी फार लांब जायची आणि परत यायला तिला उशीर व्हायचा.

तिने सरळ जागृतीला गाठलं. पोरगी रोपांना पाणी घालत होती.

"बाय, खरं सांग. मागची पार्किंग जानार हाय का?"

जागृतीने पाण्याचा पाइप खाली धरला. "अर्धीच्या वर जाणार, मावशी. प्रमाणपत्र मिळालं तर. ठोकळे काढून तिथे ही झाडं लावायची. उरलेल्या गाड्यांना माणूस नको, असं वर ठरलंय."

"न् नाय मिळालं तर?"

"माणसांपैकी चौथा हिस्सा तरी गाडी वाटून येणारा पाहिजे. एकशेऐंशीत पंचेचाळीस. तेवढे भरले नाहीत तर काहीच नाही, मागचं आहे तसंच राहील. पण आपले अठ्ठेचाळीस आहेत." मग हळू आवाजात, "तुमच्याबद्दल मी विचारलं वर. बघू म्हणालेत."

'बघू'चा अर्थ सत्यवतीला चौथीपर्यंतच्या शाळेतच कळला होता.

पण त्या पोरीने खोटं सांगितलं नाही, एवढं तिला मानावं लागलं. आणि आता तिच्या हातात काय आहे तेही तिला कळलं. अठ्ठेचाळीस वहीत आहेत. वाडीत मोटारसायकली अठरा, गाडीमागे तीन, म्हणजे त्यांतल्या सहा गाड्या वळणावर भरलेल्या. सहा चोक चोवीस. उरले चोवीस. पंचेचाळीस पाहिजेत. प्रमाणपत्र देणारं माणूस आलं, की त्याला फक्त वाडीचं फाटक दाखवायचं. खरं बोलायचं, आणि खुर्ची शाबूत. आयुष्यात इतकं सोयीचं खरं तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं, म्हणून त्याचाही तिला जरा संशय वाटला.

तपासणीला पुण्याहून सुचिता मॅडम आल्या. चष्मा, सुती साडी, पायात बूट. सत्यवतीने आधी त्यांची गाडी पाहिली. मोठी भाड्याची गाडी, ड्रायव्हर आणि मागे एकट्या मॅडम.

"बघ," ती केसरला म्हणाली, "पुण्यापास्नं येकटी आली आख्खी गाडी घेऊन, न् आमाला सांगनार वाटून या."

"तू गप बस. मी चहा घेऊन जातंय."

मॅडम सगळीकडे फिरल्या. पाण्याच्या टाक्या बघितल्या, छतावर गेल्या, शेवटी जागृती आणि निकेश यांच्याबरोबर मागे आल्या. केसर चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागोमाग. मॅडमनी निकेशची वही चाळली. गेला महिनाभर रोज बारा गाड्या, रोज अठ्ठेचाळीस माणसं. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही.

"कोणी आजारी नाही पडत का इथे?" त्यांनी विचारलं.

त्या क्षणी सत्यवतीला मॅडम आवडल्या.

"मॅडम," ती म्हणाली, "जरा वळनावर चालता का? दीडशे पावलं हायत."

निकेश म्हणाला, "मावशी, तुम्ही..."

"तू गेट बघ," सत्यवती म्हणाली. "गेटाभायेरचं तू बगत न्हायस ना."

वाडीत त्या दिवशी सतरा मोटारसायकली होत्या. अठराव्याला खरंच ताप आला असावा. मॅडमनी फोटो काढले, परत येऊन वहीवर सत्यवतीने सांगितलेल्या सहा गाड्यांपुढे बारीक फुल्या मारल्या आणि जागृतीला म्हणाल्या, "चोवीस राहतात. एकशेऐंशीत हे कमी आहेत." जागृतीचं तोंड एवढंसं झालं. ती सत्यवतीकडे बघत नव्हती. रडू येऊ नये म्हणून समोरच्या रोपांकडे बघत होती. निकेश बघत होता, आणि त्याच्या बघण्यातून सत्यवतीला कळलं, की उद्यापासून तिच्या नळाचं पाणी कमी होणार आहे. होऊ दे. खुर्ची राहिली.

"इमारतीत काम करणारे सगळे मिळून एकशेऐंशीच ना?" मॅडमनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं.

"हो," जागृती म्हणाली.

केसर मॅडमच्या पुढ्यात चहाचा कप धरून उभी होती. मॅडमनी कप घेतला, मान हलवली, परत लिहायला लागल्या.

सत्यवतीने केसरकडे पाहिलं. ही बाई सकाळी साताला येते, तीन मजले पुसते, एकशेऐंशी माणसांची उष्टी भांडी उचलते, पाचाला जाते. आणि एकशेऐंशीत नाही. ती नाही, कँटीनची माणसं नाहीत, बागेतली नाहीत, संडास धुणारी नाहीत. सगळी ठेक्याची. मागच्या लहान फाटकातून येतात, सत्यवतीच्या केबिनला वळसा घालून. त्यांच्यासाठी वही नाही. गाडीच नाही, तर लिहायचं काय? कागदाने एवढी माणसं खाल्ली आणि कोणाला ढेकरही ऐकू आली नाही.

तिच्या मनात हे सगळं आलं तेवढ्या वेळात मॅडमनी पेनाला टोपण लावलं. आता काही बोललं नाही तर संपलं, आणि ते चांगलं संपत होतं. सत्यवती अर्धा चहा होईपर्यंत गप्प राहिली. इतकं गप्प राहणं तिला कधी जमलं नव्हतं.

"ही किती धरली?" ती शेवटी म्हणाली.

"कोण ही?"

"ही केसर. चहावाली. न् हिच्यासारखी आनखी तीस. ती कशी येतात ते लिवलंय का कुठं?"

मॅडमनी जागृतीकडे पाहिलं. जागृती म्हणाली, "ती ठेक्यावरची आहेत. आपल्या पटावर नाहीत."

"इमारतीत काम करतात ना?" मॅडम म्हणाल्या. "मग धरायची. कशी येतात?"

"मिनिडोरनं," सत्यवती म्हणाली. "सकाळी चार गाड्या, एकतीस माणसं. मागच्या फाटकाशी उतरतात. सहाच्या गाडीत आठ कशी बसतात ते इचारू नका."

केसर म्हणाली, "वयनी, येक गाडीत सातच असतात."

"मोजूनच सांगतंय. तीन आठ चोवीस न् सात."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. पण नुसत्या ऐकून लिहिलं नाही, हे सत्यवतीला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला त्या स्वतः मागच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि उतरणाऱ्यांना मोजलं. एकतीस. मग सत्यवतीच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हिशेब केला. सगळी मिळून दोनशे अकरा. वाटून येणारी चोवीस आणि एकतीस, पंचावन्न. चौथ्या हिश्शाला त्रेपन्न पुरत होते.

जागृतीने सत्यवतीचा हात धरला. "मावशी, तुम्हाला कळलं ना तुम्ही काय केलंत?"

"कळलं."

"मग का सांगितलंत?"

सत्यवतीने हात सोडवून घेतला. "मी तुला इचारलं तवा तू खोटं बोललीस का? न्हाय ना. मंग तिनं इचारल्यावर मी कशाला बोलू?" हे काही उत्तर नव्हतं, कारण मॅडमनी केसरबद्दल विचारलंच नव्हतं. पण जागृतीने ते चालवून घेतलं.

गणराजची गाडी मागे उन्हात यायला लागली. तो काच खाली न करता तिरकी लावायचा आणि सत्यवती ती त्याला सरळ करायला लावायची. नळाचं पाणी खरंच कमी झालं. केसर घरून दोन बाटल्या आणायची. जागृतीने सत्यवतीला पुढच्या गेटवर घ्या म्हणून निकेशच्या ठेकेदाराला दोन अर्ज लिहिले. "बघू" असं उत्तर दोनदा आलं. झाडांना पाणी घालायला तरी ठेवा म्हणून तिसरा लिहिला, तर त्यांनी ठिबकच्या नळ्या टाकल्या. त्या नळ्यांवर सत्यवतीचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. थेंबाथेंबाने पाणी देणारी वस्तू काहीतरी राखून ठेवते, असं तिचं म्हणणं.

दोन महिन्यांनी इमारतीच्या दारात काचेची पाटी लागली. महिनाअखेरीला ठोकळे उचलायला माणसं येणार होती. निकेशने सांगितलं, "मावशी, एकतीस तारखेपर्यंत या."

एकतीस तारखेला तिने नेहमीसारखा डबा आणला आणि नेहमीसारखा साडेबाराला खाल्ला. दुपारी कोणी गाडी काढायला आलं तर शिट्टी वाजवली. केसर पाचाला जाताना थांबली आणि म्हणाली, "उद्या काय करशील?" सत्यवती म्हणाली, "सुनेला इचारते, भात किती घालायचा." केसरला हसावं का नाही ते कळलं नाही. ती मिनिडोरमध्ये बसली, आठवी.

साडेपाचला सत्यवती उठली आणि रोज मारते तशी शेवटची फेरी मारायला निघाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक रांगेतून, कोणाची काच उघडी राहिली का, कोणाचं दार लागलं नाही का, कोणाचा दिवा चालू राहिला का. तिसऱ्या रांगेत गणराजच्या गाडीचे पुढचे दोन्ही दिवे जळत होते. तिने त्या गाडीकडे थोडा वेळ बघितलं. मग नंबराचे शेवटचे तीन आकडे पेनाने तळहातावर लिहिले, इमारतीला वळसा घालून पुढच्या दाराशी गेली, चपला बाहेर काढल्या, आणि आत काउंटरवरच्या मुलीला तळहात दाखवून म्हणाली, "बाय, ही गाडी दिवे लावून ऱ्हायलीय. जरा वर फोन कर, बॅटरी उतरंल त्याची."